जुन्या आयपॉडची नवी बॅटरी: कोणती घ्यावी, कुणाकडून बसवावी

ऑक्टोबर 2005 मध्ये आलेला पाचव्या पिढीचा आयपॉड, म्हणजे लोक ज्याला आयपॉड व्हिडिओ म्हणतात तो, कपाटातून काढला की बहुतेक वेळा एकच रड असते: चार्जिंगला लावलं तर चालतो, वायर काढली की दहा मिनिटांत मान टाकतो. बॅटरी संपलेली असते, बाकी यंत्र ठणठणीत. यासाठी ऑनलाइन मिळणारं बिननावाच्या बॅटरीचं पाकीट आम्हाला घेण्यासारखं वाटतं. बॅटरीसोबत यंत्र उघडायला दोन प्लास्टिकच्या पट्ट्या येतात, त्यांच्यावर मात्र भिस्त ठेवू नये. बेळगावात खडे बाजाराच्या आसपास मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे हे काम करून घेणार असाल, तरी पुढच्या तीन-चार गोष्टी त्याला आधी सांगाव्या लागतात.

आधी दोष नक्की बॅटरीचाच आहे का, ते बघा. गाणं चालू असताना मध्येच बंद पडून ॲपल कंपनीचं सफरचंदाचं चिन्ह दिसतं आणि ते नेमकं डिस्क फिरायला लागते त्या क्षणाला होतं, तर दोष बॅटरीचाच. आत 1.8 इंची हार्ड डिस्क आहे आणि ती फिरायला सुरुवात करताना एकदम जास्त करंट ओढते. म्हाताऱ्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे व्होल्टेज दणकन खाली येतं आणि यंत्र स्वतःला रीसेट करतं. याउलट ‘टिक-टिक’ असा खरखरीत आवाज सतत येत असेल तर ती डिस्क गेलेली आहे. नवी बॅटरी घालून पैसे वाया जातील. मागची स्टीलची पाठ फुगलेली दिसली, किंवा पुढचा भाग एका बाजूने उचलला गेला असेल, तर चार्जिंग लगेच बंद करा.

आता पाकिटावरचे आकडे. 30 जीबीचं मॉडेल 11 मिमी जाड आणि 60 जीबीचं 14 मिमी, आणि या तीन मिलिमीटरचा फरक बराचसा डिस्क आणि बॅटरीच्या जाडीत आहे. म्हणून पातळ आणि जाड अशा दोन वेगळ्या बॅटऱ्या येतात. पातळ मॉडेलची मूळ बॅटरी 400-450 एमएएचच्या (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपासची. त्याच मापाच्या बॅटरीवर कुणी 850 छापलं असेल तर ती थाप आहे, कारण तेवढ्या जागेत तेवढी ऊर्जा मावतच नाही. आकडा मोठा दिसला की घ्यायचा मोह होतो, पण खरं बघायचं ते जाडी, रिबनची (बॅटरीला जोडलेल्या चपट्या वायरीची) लांबी आणि छापलेली तारीख. लिथियम बॅटरी गोदामात पडूनही म्हातारी होते. दोन-तीन वर्षं जुना माल दिसला तर परत पाठवा. जाड बॅटरी पातळ पाठीत दाबून बसवणं तर सपशेल चूक: झाकण लागतं, पण डिस्कवर दाब येतो आणि महिन्याभरात तीच डिस्क बोलायला लागते.

उघडायची रीत. आधी होल्डचं, म्हणजे बाकीची बटणं लॉक करणारं बटण लॉकच्या बाजूला ढकला. मग बाजूच्या फटीत पातळ हत्यार घालून कडेने सरकवत एकेक खिटी सोडवायची. पाकिटातल्या पट्ट्या इथेच हार मानतात: दोन-तीन खिट्यांनंतर टोक वाकतं, पट्टी घसरते आणि प्लास्टिकवर पांढरा ओरखडा राहतो. मोबाइलवाल्यांकडे असते ती स्टीलची पातळ पाती चांगली, पण ती फटीत आत फार खोल घालायची नाही, नाहीतर स्टीलच्या पाठीची कड वाकते आणि परत कधी नीट बसत नाही.

खिट्या सुटल्या की झाकण उपटून काढू नका. पुस्तक उघडतात तसं हळूच आडवं उघडा, कारण पुढचा आणि मागचा भाग दोन रिबननी जोडलेला असतो, एक बॅटरीची आणि दुसरी हेडफोनच्या जॅकची. आधी बॅटरीची सोडवायची. तिच्या कनेक्टरवरचं तपकिरी लॉक सरळ वर, जेमतेम दोन मिलिमीटर उचलतं. तेवढं उचललं की रिबन आपोआप ढिली होते. हे काम सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. मोबाइलमधली लॉकं दारासारखी उघडणारी असतात, त्यामुळे सवयीने दुरुस्तीवाला हेही उलथवायला जातो आणि कनेक्टर बोर्डावरून तुटतो. मग बोर्डावर बारीक सोल्डरिंग करण्याची वेळ येते, आणि ते सगळ्यांना जमत नाही. म्हणून त्याला आधीच सांगा: ‘भाऊ, हे वर उचलायचं, फिरवायचं नाही.’ हेडफोनच्या रिबनचं लॉक मात्र फिरतं. पण बॅटरीसाठी ती रिबन काढायची गरज नसते, तेव्हा ती तशीच राहू द्या.

जुनी बॅटरी मागच्या पाठीला चिकटवलेली असते. टोकदार लोखंडी हत्याराने ती खरवडू नये. वेष्टण भोसकलं तर आतून धूर आणि आग येऊ शकते. हेअर ड्रायरची मंद ऊब द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब कडेला सोडा आणि प्लास्टिकच्या पट्टीने हळूच ढकला. पाकिटातली पट्टी इथे कामाला येते. जुन्या बॅटरीची रिबन कुठून वळवली होती ते फोटो काढून ठेवा, नवीची तशीच वळवा, नाहीतर झाकण लावताना ती चिमटते.

सहाव्या पिढीचा क्लासिक (2007 नंतरचा) घरी उघडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढची बाजूही धातूची, खिट्या घट्ट, पाठ हमखास वाकते. पैसे देऊन करून घ्या आणि पाठ वाकण्याचा धोका असतो हे आधीच धरून चला. आयपॉड नॅनोमध्ये बॅटरी तीन वायरींनी सोल्डर केलेली असते. वायरी एका वेळी एकच कापायच्या, एकत्र कापल्या तर कात्रीच शॉर्ट करते. पहिल्या पिढीच्या नॅनोची मूळ बॅटरी मात्र चार्जसुद्धा करू नका: सप्टेंबर 2005 ते डिसेंबर 2006 मध्ये विकलेल्या नॅनोंची बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे कंपनीनेच नोव्हेंबर 2011 मध्ये ती बदलून देण्याची योजना जाहीर केली होती.

बसवल्यावर यंत्र लगेच चालू झालं नाही तर घाबरू नका. अर्धा तास चार्जिंगला ठेवा, मग मेनू आणि मधलं बटण सहा-आठ सेकंद दाबून रीसेट करा. तरीही काही नाही, तर बहुतेक वेळा रिबन पूर्ण आत गेलेली नसते.

बॅटरी किती चालते याचं मोजमाप करताना इकडच्या रसिकांनी एक फरक लक्षात घ्यावा. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या मैफली असोत की नाट्यसंगीत, तासा-तासाच्या फाइली बिनतोट्याच्या (लॉसलेस, म्हणजे आवाजाचा दर्जा जराही न गमावणाऱ्या) स्वरूपात ठेवणारे अनेक असतात. 30 जीबीच्या मॉडेलची तात्पुरती मेमरी 32 एमबी; डिस्कवरची गाणी आधी तिच्यात भरली जातात आणि ती संपली की डिस्क पुन्हा फिरते. 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीचा एक मिनिट म्हणजे साधारण एक एमबी, म्हणून डिस्क अर्ध्या तासाने एकदा फिरते; बिनतोट्याच्या फाइलीला मिनिटाला पाच-सहा एमबी लागतात, तेव्हा ती पाच-सहा मिनिटांनी फिरते. कंपनीचा दावा 14 तासांचा होता, तो हलक्या फाइलींसाठी. नवी बॅटरी हलक्या फाइलींवर दहा-बारा तास चालली तरी पैसे वसूल समजा, आणि ख्यालाच्या मोठ्या फाइलींवर ती कमी चालली म्हणून विक्रेत्याशी भांडू नका. रॉकबॉक्स (मूळ सॉफ्टवेअरऐवजी घालता येणारं दुसरं सॉफ्टवेअर) घातलं असेल तर त्यातली बॅटरी बेंचमार्क ही चाचणी लावा, ती वेळेनुसार व्होल्टेजची नोंद ठेवते. 3.7 व्होल्टच्या आसपास बराच वेळ सपाट रेघ दिसली की बॅटरी खरी.

डिस्कच्या जागी मेमरी कार्डाचा अडॅप्टर घालणाऱ्यांना मोठी बॅटरी बसवायला जागा मिळते. पण यूएसबीचा 500 मिलिअँपिअरचा पुरवठा धरला तर 3000 एमएएच भरायला सहा तासांहून जास्त लागतात, आणि रात्रभर उशाशी ठेवून चार्ज करायला आम्ही सुचवणार नाही.

वापर नसेल तेव्हा निम्म्या चार्जवर ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा भरा. खानापूरकडच्या पावसात डब्यात सिलिका जेलची पुडीही ठेवावी, कनेक्टर गंजत नाहीत. काढलेल्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ती ई-कचऱ्यात द्या. भंगाराच्या पोत्यात किंवा कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते.