बी४५० बोर्डावरचे अपग्रेड: काही महिन्यांच्या वापरानंतर

शिट्टीसारख्या आवाजाच्या तक्रारीवरून पाठवलेले नवे ग्राफिक्स कार्ड सर्व्हिस सेंटरमधून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आले आहे. त्याच तिरमिरीत हे लिहीत असल्यामुळे सूर कुठे कडवट लागला, तर वाचकांनी समजून घ्यावे.

संगणक २०१८ सालचा आहे. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ६ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, आणि कॅबिनेटसोबत दुकानदाराने गळ्यात मारलेला पॉवर सप्लाय, असा त्याचा मूळ संसार होता. आता त्यात रायझन ५ ५६००, आरएक्स ६६००, ५५० वॅटचा ब्राँझ मानांकनाचा पॉवर सप्लाय आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे. बोर्ड, रॅम, कॅबिनेट आणि १०८०पी, १४४ हर्ट्झचा मॉनिटर जुनाच ठेवला.

एएम५ या एएमडीच्या (रायझन बनवणारी कंपनी) नव्या सॉकेटकडे न जाण्याचे कारण सरळ हिशेबाचे होते. तिकडे प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम हे तिन्ही खर्च एकाच दिवशी अंगावर येतात, तर इथे बायोस (बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केले की जुन्याच एएम४ सॉकेटमध्ये २०२२ चा प्रोसेसर चालतो. मे २०२० मध्ये एएमडीने बी४५० बोर्डांना झेन ३ चे (५६०० ज्यातला आहे त्या पिढीचे) प्रोसेसर चालणार नाहीत असे आधी जाहीर केले होते आणि ग्राहकांनी ओरड केल्यावर काही दिवसांतच तो निर्णय फिरवला. आज माझा बोर्ड वाचला आहे तो त्या ओरडीमुळे.

पहिले कार्ड बदलले. १०६० मध्ये रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याचे) हार्डवेअर नाही आणि २०२४ च्या अखेरीपासून काही मोठे गेम अशा कार्डावर सुरूच होत नाहीत, त्यामुळे त्यात फारसा विचार करण्यासारखे काही नव्हते. सरासरी फ्रेम्स (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) लगेच वाढल्या आणि पुढचे काही आठवडे मी मित्रांना सांगत होतो की प्रोसेसर बदलणे ही निव्वळ चैन आहे. ते मत आता राहिलेले नाही. गर्दीच्या शहरातून गाडी वेगाने नेताना चित्र क्षणभर अडखळत असे, आणि त्या वेळी पडद्यावरच्या आकड्यांत कार्डाचा वापर साठ-सत्तर टक्क्यांवर घुटमळत असे. रिझोल्यूशन ७२०पी वर आणूनही फ्रेम्स वाढल्या नाहीत, तेव्हा अडचण कार्डात नसून प्रोसेसरमध्ये आहे हे स्पष्ट झाले. २६०० मधले सहा कोअर (गणना करणारे भाग) तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले असतात आणि प्रत्येक गटाला स्वतःची ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) असते. एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर ती लांबच्या वाटेने येते. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच गटात असून ३२ एमबी कॅश सर्वांची सामाईक आहे. प्रोसेसर बदलल्यावर सरासरी फार वाढली नाही, पण अडखळणे जवळजवळ थांबले, आणि खेळताना जाणवते ते हेच. गेमिंग संगणक जुना झाला म्हणणाऱ्याने पैसे काढण्यापूर्वी ही ७२०पी ची चाचणी अवश्य करावी. तिला दमडी लागत नाही.

प्रोसेसर स्वतः बदलणाऱ्यांसाठी दोन सूचना. बायोस अद्ययावत करायचे ते जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच, आणि तेही संगणक यूपीएसवर ठेवून, कारण नेमक्या त्याच वेळी वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. दुसरे म्हणजे, एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि जुनी थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असते. कूलर सरळ वर ओढला तर खटका बंद असूनही प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. त्यापूर्वी थोडा वेळ एखादा गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग संगणक बंद करून चारही स्क्रू सोडवावेत आणि कूलर डावीउजवीकडे हलकेच फिरवत सुटा करावा.

आता मुख्य तक्रार. या कार्डातून शिट्टी येते. पंखा थांबलेला असतानाही गेमच्या मेनूत शिरले की बंद खोलीतल्या डासासारखा बारीक, टोकदार आवाज सुरू होतो. कार्डावरच्या कॉईलमधून जाणारा प्रवाह झपाट्याने कमीजास्त होतो तेव्हा ती कंप पावते, आणि मेनूत काढायला काहीच नसल्यामुळे कार्ड सेकंदाला कित्येक शे फ्रेम्स ओकत राहते, म्हणून तिथे आवाज सर्वांत तीव्र असतो. सर्व्हिस सेंटरने मूळ खोका मागितला, बिल मागितले, मी पाठवलेल्या ध्वनिमुद्रणाकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि जिथे दहा संगणकांचे पंखे घरघरत असतात अशा टेबलावर कार्ड तपासून ‘आवाज वॉरंटीत बसत नाही’ असे ऐकवले. कुरियरचा खर्च माझा. कार्डाच्या वेगाबद्दल माझी तक्रार नाही, हे कार्ड बोर्डाशी सोळाऐवजी आठच लेनने (माहितीच्या वाटांनी) जोडले जाते याचा जो बागुलबुवा केला जातो तोही माझ्या पीसीआयई ३.० च्या (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीच्या) बोर्डावर अनुभवास आला नाही; परंतु शांत घरात रात्री खेळणाऱ्याला ही शिट्टी दोन फ्रेम्सपेक्षा महत्त्वाची वाटते. शेवटी ड्रायव्हरमध्येच फ्रेम्सची मर्यादा १४० वर बांधली आणि कार्डाचे व्होल्टेज थोडे उतरवले. मेनूतली शिट्टी गेली, जड दृश्यांत मात्र कान दिला तर अजून ऐकू येते. हे काम कंपनीने करायचे होते.

पॉवर सप्लायबद्दल थोडक्यात. १०६० ला १२० वॅट लागत, ६६०० ला १३२ लागतात, म्हणजे वॅटसाठी तो बदलायची गरज नव्हती. पण नव्या कार्डाला आठ पिनांची जोडणी हवी होती, जुन्यात सहाच पिनांची होती, आणि हार्ड डिस्कच्या वायरीला अडॅप्टर लावून नवे कार्ड चालवणे माझ्या तत्त्वात बसत नाही. एसएसडी घेताना चौथ्या पिढीची घेऊन उपयोग नाही. बी४५० तिला तिसऱ्या पिढीच्याच वेगाने चालवतो.

रॅम ३२ जीबी करण्याचा बेत होता, पण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की तो बाजूला ठेवला. तसेही २६०० वर ३२०० च्या वेगाने लावली की संगणक मधूनच बंद पडायचा आणि मी ती २९३३ वर चालवत होतो. ५६०० वर तीच रॅम एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवण्याची सेटिंग) सुरू करताच ३२०० वर बिनतक्रार चालते. जुना प्रोसेसर आणि १०६० विकून पॉवर सप्लायचे पैसे निघाले. एसएसडीचे निघायचे आहेत.