हिपॅटायटिस असताना कोलेस्टेरॉलची गोळी : अ‍ॅटोरव्हास्टॅटिन की रोसुव्हास्टॅटिन?

दीर्घकालीन हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्या माणसाच्या रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेले निघाले आणि फिजिशियनने ते उतरवणारे स्टॅटिन लिहून दिले, की घरात पहिली शंका निघते ती ‘ही गोळी लिव्हरला सोसेल का’ अशी. ही शंका बहुतांशी जुनी झाली आहे. पोटात पाणी होणे, कावीळ अशी यकृत हात टेकत असल्याची लक्षणे नसतील, तर नेहमीच्या मात्रेतील स्टॅटिन अशा रुग्णांना चालते. आज विचार करण्याजोगा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे दोन प्रचलित गोळ्यांपैकी कोणती घ्यावी.

एलडीएल उतरवण्याच्या बाबतीत दोघींत फारसे डावे-उजवे नाही. रोसुव्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी साधारणपणे अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या २० मिलिग्रॅमचे काम करते. फरक आहे तो त्यांच्या रासायनिक स्वभावात. सिमव्हास्टॅटिनप्रमाणेच अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चरबीत विरघळते, तर रोसुव्हास्टॅटिन आणि प्राव्हास्टॅटिन पाण्यात विरघळतात.

या फरकाला महत्त्व आले ते स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासामुळे. २०१९ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्या सुमारे साडेसोळा हजार रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या गेल्या. चरबीत विरघळणारे स्टॅटिन घेणाऱ्यांत दहा वर्षांत यकृताचा कर्करोग होण्याचे प्रमाण ३.३ टक्के आढळले, तर स्टॅटिन न घेणाऱ्या त्यांच्यासारख्याच रुग्णांत ते ८.१ टक्के होते. पाण्यात विरघळणाऱ्या स्टॅटिनच्या गटात हे आकडे ६.८ आणि ८.० होते, म्हणजे फरक नगण्य. पाण्यात विरघळणारी गोळी यकृताच्या पेशींत शिरत नाही, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. गंमत अशी की, रोसुव्हास्टॅटिन या पेशींत खास वाहक प्रथिनांमार्फत चांगलेच शिरते. तेव्हा ‘ते आत पोहोचतच नाही’ एवढ्या स्पष्टीकरणावर माझे तरी समाधान होत नाही.

शिवाय हा अभ्यास निरीक्षणात्मक आहे. चिठ्ठ्या टाकून कोणाला स्टॅटिन आणि कोणाला नकली गोळी दिलेली नव्हती. यकृत खंगले की कोलेस्टेरॉल आपोआप उतरते आणि डॉक्टरही अशा रुग्णाला स्टॅटिन द्यायला कचरतात. त्यामुळे गोळी घेणारे मुळातच थोडे धडधाकट असण्याची शक्यता असते. संशोधकांनी हा दोष आकडेशास्त्राने कमी केला, पण तो पूर्णपणे जात नाही. म्हणून केवळ कर्करोग टाळण्यासाठी, कोलेस्टेरॉल किंवा हृदयाचे कारण नसताना, यांतली कोणतीही गोळी सुरू करावी असे मला वाटत नाही. हृदयासाठी स्टॅटिन घ्यायचेच ठरले असेल, तर मात्र माझे मत अ‍ॅटोरव्हास्टॅटिनकडे झुकते. त्यात गमावण्यासारखे थोडे आहे आणि झालाच तर लाभ मोठा आहे.

मूत्रपिंडाचा विचार केला, तरी कौल तिकडेच जातो. हिपॅटायटिस बीसाठी वर्षानुवर्षे घेतले जाणारे टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल काही जणांच्या मूत्रपिंडावर परिणाम करते. क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात साचणारा घटक) बरेच चढले तर रोसुव्हास्टॅटिनची मात्रा घटवावी लागते, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची लागत नाही. उलट क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा इट्राकोनॅझोलसारखे बुरशीवरचे औषध घ्यायची वेळ आली, तर रोसुव्हास्टॅटिनवाल्याला चिंता कमी, कारण ही औषधे अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी वाढवून स्नायूंना इजा करू शकतात.

हिपॅटायटिस सीच्या उपचारकाळात मात्र दोघींनाही वेसण घालावी लागते. सोफोसबुव्हिर-वेल्पाटासव्हिर या विषाणूवरच्या जोडगोळीच्या बारा आठवड्यांच्या उपचारात रोसुव्हास्टॅटिन दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्याच्या स्नायूंवर लक्ष ठेवतात. ग्लेकाप्रेव्हिर-पिब्रेंटासव्हिर या दुसऱ्या जोडगोळीबरोबर तर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालतच नाही. त्यामुळे विषाणूवरचे औषध सुरू करण्याच्या दिवशी स्टॅटिनची स्ट्रिप खिशातून काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी. नाव सांगताना मिलिग्रॅमचा आकडा हमखास विसरतो. सिऱ्होसिस (यकृत कडक होऊन आक्रसणे) असलेल्याची, किंवा हिपॅटायटिस बीमुळे धोका जास्त ठरलेल्या रुग्णाची, दर सहा महिन्यांची सोनोग्राफी कोणतीही गोळी निवडली तरी सुटत नाही.