मुशिशी: हेडफोन लावून, एका बैठकीत दोनच भाग

‘मुशिशी’ या जपानी अॅनिमेतली (चलचित्र मालिकेतली) एक गोष्ट: डोंगरातल्या बर्फाळ गावात माणसं एका कानाने बहिरी व्हायला लागतात. गिंको हा फिरता मुशी-वैद्य (मुशी म्हणजे बहुतेकांना न दिसणारे आदिम जीव) येऊन निदान करतो: बर्फात आवाज जिरतो, म्हणून जंगलातले आवाज खाणारे ‘उन’ नावाचे मुशी उपाशी पडून गावात शिरलेत आणि कानांत मुक्काम ठोकून बसलेत. उपाय साधा, कानात मिठाचं पाणी. एका पोराची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या कपाळावर चार शिंगं आहेत आणि त्याला नको तेवढं ऐकू येतं, कारण त्याला लागलेत ते शांतता खाणारे ‘आ’. तिथे मिठाचं पाणी चालत नाही.

‘मुशिशी’ची जवळपास प्रत्येक गोष्ट अशीच: लक्षण, निदान, उपाय, आणि उपायाची किंमत. मुशींना ना राग, ना सूड. जंतूंसारखे ते आपापलं जगतात, त्रास होतो तो माणसाला. कधी गिंकोचा उपाय फसतोही. भुताटकीची भीती हवी असेल तर इथे हाती काही लागणार नाही.

युकी उरुशिबारा यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) १९९९ ते २००८ अशी चालली, कोदान्शाने दहा खंडांत काढली. पहिल्या खंडातली रेघ ओरखड्यासारखी आहे आणि चेहरे इतके सारखे की कोण बोलतंय ते कळायला पान उलटून मागे जावं लागतं. ही खोड अॅनिमेतही उतरली आहे. पांढऱ्या केसांचा गिंको तेवढा लगेच ओळखू येतो.

तरी अॅनिमेच सरस. २००५ साली आर्टलँड या स्टुडिओने हिरोशी नागाहामा यांच्या दिग्दर्शनाखाली सव्वीस भाग केले आणि मूळ कथांना फारसा धक्का लावला नाही. वर भर पडली ती रंगांची आणि आवाजाची. वरची कानांची गोष्ट (भाग ३) कागदावर समजते, पण बर्फात आवाज गिळला जाणं म्हणजे काय ते हेडफोनमध्येच कळतं. तोशिओ मासुदा यांनी शेवटच्या श्रेयनामावलीला दर भागात वेगळी धून दिली आहे. ती वगळून पुढे जाऊ नका. रात्रीचे प्रसंग बरेच काळोखे आहेत, भर दुपारी मोबाइलवर बघितलेत तर निम्मं चित्र दिसणार नाही.

सलग दहा भाग लावणाऱ्यांना हमखास कंटाळा येतो. पुढे काय होणार ही ओढ इथे नाहीच, आणि पाचव्या भागापासून साचा दिसायला लागतो.

क्रमाची फिकीर फारशी नको, अॅनिमेनेच तो बदललाय: तिसऱ्या खंडाची पहिली कथा थेट तेविसाव्या भागात येते. पथ्यं दोनच. गिंकोचा डोळा कसा गेला ते सांगणारा बारावा भाग आधी उघडू नका. आणि विसावा भाग, ज्यात तान्यू नावाची तरुणी मुशींच्या हकिकती लिहून त्यांना कागदावर जखडते, तो चुकवू नका. २०१४च्या ‘काट्यांची वाट’ या विशेष भागात ती परत भेटते.

विशेष भागांची नोंद याद्यांमध्ये वेगळी असते, म्हणून ते हमखास सुटतात. २०१४च्या दुसऱ्या पर्वाचे वीस भाग संपले की मालिका संपली असं वाटतं. मांगाची शेवटची कथा मात्र २०१५च्या ‘घंटेचे थेंब’ या चित्रपटात आहे. कात्सुहिरो ओतोमो यांचा खऱ्या नटांचा चित्रपट चार-पाच कथांची मोट बांधतो. तो अगदी शेवटी बघा, नाहीतर काही पत्ता लागणार नाही.