काळ्या जमिनीत दुर्मीळ पाम : वीस महिन्यांनंतरचा अनुभव

2024 च्या जूनअखेरीस मी एका ऑनलाइन रोपवाटिकेतून पामची नऊ रोपे मागवली. बिस्मार्क, बॉटल पाम आणि फॉक्सटेल प्रत्येकी दोन, तर ट्रँगल पाम, लिक्युआला आणि ‘सिल्व्हर डेट पाम’ प्रत्येकी एक. पोचवण्याच्या खर्चासह 4,350 रुपये पडले. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात आहे. घरामागे आठ गुंठ्यांचे आवार, जमीन कापसाची काळी भारी, आणि विहिरीचे पाणी असे की चहाच्या भांड्यालाही पांढरा थर धरतो. हे सारे आधी सांगण्याचे कारण असे की, पाम लावल्यानंतरचे जे अनुभव वाचायला मिळतात ते बहुतेक कोकणातले किंवा पुण्याकडचे असतात आणि आमच्याकडे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. या रोपांनी आता दोन पावसाळे, दोन हिवाळे आणि एक पूर्ण उन्हाळा पाहिला आहे. नऊपैकी सात जिवंत आहेत. रोपांच्या प्रकृतीला मी चांगले गुण देईन. नावांच्या खरेपणाला मात्र काठावर पास करणेही जड जाते.

नावांचा घोळ पहिल्याच दिवशी लक्षात आला, आणि तोही माझ्या नव्हे, आमच्या सालदार काकाजींच्या. खोके उघडून रोपे ओसरीवर मांडली तेव्हा त्यांनी ‘सिल्व्हर डेट पाम’कडे बोट दाखवून विचारले, “हे तं आपली शिंदीच होय ना जी?” मी चिठ्ठी वाचून दाखवली. चिठ्ठीवर बारीक अक्षरांत ‘फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस’ असे शास्त्रीय नाव होते, आणि ते नाव शिंदीचेच आहे. म्हणजे रोपवाटिकेने खोटे काही लिहिले नव्हते. नाल्याच्या काठी ज्या झाडाच्या पानांचे फडे बांधतात तेच झाड इंग्रजी नावाने 380 रुपयांना विकले होते, इतकेच. सासूबाई अजून पाहुण्यांना ते रोप आवर्जून दाखवतात.

त्या शिंदीने मला पाम ओळखण्याचा पहिला आणि सर्वांत उपयोगी धडा दिला. पिसासारख्या पानांच्या पाममध्ये प्रत्येक पाती मधल्या दांड्याला जिथे जुळते तिथे ती दुमडलेली असते, आणि ही घडी कोणत्या बाजूला आहे ते बोटाने चाचपता येते. शिंदी, खजूर आणि त्यांच्या सगळ्या भाऊबंदांत ही घडी वर उघडणारी, पन्हळीसारखी असते, त्यामुळे पावसाचा थेंब तिच्यात थांबतो. नारळ, सुपारी, रॉयल, बॉटल, फॉक्सटेल या सर्वांत ती उलटी, घरावरच्या कौलासारखी असते आणि थेंब दोन्हीकडून ओघळून जातो. शिवाय शिंदीच्या पानाच्या बुडाकडच्या पात्यांचे टोकदार काटे झालेले असतात. भेरली माडाची घडीही शिंदीसारखी वर उघडणारी असते. भामरागडकडे माडिया लोक ज्याला गोरगा म्हणतात आणि ज्याचा रस काढतात, तो हाच. मात्र त्याचे पान दोनदा विभागलेले आणि पात्या माशाच्या शेपटीसारख्या फाटलेल्या असल्याने तो कशाशीही मिसळत नाही. त्याची पिकलेली फळे मात्र उघड्या हाताने चोळू नयेत, भयंकर खाज सुटते; हे मी बी गोळा करताना स्वतः अनुभवले आहे आणि संध्याकाळभर खोबरेल लावून बसले आहे.

दुसरा घोळ अधिक गंभीर होता आणि तो कळायला वर्ष गेले. ‘बॉटल पाम’ म्हणून आलेल्या दोन रोपांपैकी एक पहिल्या पावसाळ्यातच दुसऱ्याच्या दुप्पट झाले. आधी मला आनंद झाला, मग शंका आली. आपल्याकडे शाळेच्या फाटकाशी किंवा पेट्रोल पंपावर ओळीने उभ्या असलेल्या रॉयल पामलाही लोक सर्रास बॉटल पाम म्हणतात, कारण त्याचे खोड मध्ये फुगलेले असते आणि लहानपणी बुडाशीही फुगते. तो क्यूबाकडचा, वाढीला अतिशय वेगवान, आणि पुढे पन्नास-साठ फुटांचा होणारा वृक्ष आहे. खरा बॉटल पाम, म्हणजे हायोफॉर्बे लॅजेनिकॉलिस, मॉरिशसच्या उत्तरेकडील राउंड आयलंड या छोट्या बेटावरचा आहे. मूळ ठिकाणी एके काळी त्याची मोजकीच झाडे उरली होती, तरी उष्ण प्रदेशांतल्या बागांमध्ये तो भरपूर लावला जातो. तो दहा-बारा फुटांच्या पुढे फारसा जात नाही आणि वाढतोही सावकाश. रोपे शेजारी ठेवली की फरक दिसतो. खऱ्या बॉटल पामच्या रोपाच्या देठाला तांबूस किनार असते, एका वेळी चार-पाचच पाने असतात, पान कमानीसारखे वळते आणि पात्या दांड्यापासून वर उचललेल्या, उघड्या पुस्तकासारख्या दिसतात. रॉयलचे कोवळे पान सपाट, मऊ आणि पूर्ण हिरवे असते, आणि एक पान पुरते उघडण्याआधीच दुसरा भाला, म्हणजे न उघडलेले पान, वर येतो. आज माझा रॉयल साडेसहा फूट उंच आहे आणि बॉटल जेमतेम दोन फूट.

मी फोटोंसह तक्रार केली. पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या खरेदीत सवलत देऊ, असे उत्तर आले. वर्षभरानंतर केलेल्या तक्रारीला यापेक्षा अधिक काय मिळणार, हेही मला समजते. पण पामची चूक वर्षभरानंतरच कळते, हेही विक्रेत्याला समजायला हवे.

आता जमिनीविषयी. आमच्याकडे पाम मरतो तो उन्हाने, असा माझा समज होता. प्रत्यक्षात पहिला बळी ऑगस्टमध्ये, संततधारेत गेला. फॉक्सटेलची दोन्ही रोपे मी सव्वा फूट खोल खड्डे करून, त्यात शेणखत आणि पोयटा भरून लावली होती. काळ्या जमिनीत असा खड्डा म्हणजे पाणी साठवायचे टाकेच होते. भोवतालची चिकण माती पाणी सोडत नाही आणि खड्ड्यातली भुसभुशीत माती ते ओढून घेते. एका रोपाचा मधला कोंब धरून हलकेच ओढला तर तो हातात आला, बुडाशी तपकिरी झालेला आणि कुजका वास मारणारा. फॉक्सटेलसारख्या एकाच खोडाच्या पामला वाढीचा एकच कोंब असतो. तो गेला की खालून फूट येण्याची आशा नसते. फॉक्सटेल ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात केप मेलव्हिल भागात, ग्रॅनाइटच्या प्रचंड दगडांच्या फटींत, वाळूसारख्या मातीत वाढतो. शास्त्रज्ञांनी त्याला 1983 मध्ये नाव दिले, इतका तो जगापासून दूर होता. दगडांतून पाणी क्षणात निथळते अशा जागेचे झाड मी चिखलाच्या टाक्यात बसवले होते.

उरलेले रोप मी सप्टेंबरमध्ये मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलले आणि जमिनीवरच दीड फूट उंचीचा, पाच फूट व्यासाचा ओटा करून त्यावर लावले. दोन भाग मुरूम, एक भाग नाल्याची जाड वाळू, एक भाग कुजलेले शेणखत आणि थोडी तीच काळी माती, असे मिश्रण होते. बाकीच्या रोपांनाही टप्प्याटप्प्याने असेच ओटे केले. 2025 च्या पावसाळ्यात आवारात तीन दिवस पाणी साचले होते, पण एकही रोप गेले नाही.

ओट्यावरही फॉक्सटेल सुखी नव्हता. जानेवारीत त्याचे नवे पान फिके पिवळे आले, शिरा तेवढ्या हिरव्या. कृषी केंद्रात मला आधी युरिया सुचवण्यात आला, पण नत्र कमी पडले तर जुनी पाने पिवळी होतात. नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही, आणि आमचे विहिरीचे पाणी त्यात भरच घालते. मग चिलेटेड लोहाची, म्हणजे मुळांना घेता यावे म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेल्या लोहाची, पुडी आणून आळ्यात दिली, काहीही फरक पडला नाही. पुडीवर ‘ईडीटीए’ लिहिले होते. हा प्रकार फवारणीला चालतो, पण चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. तेथे ‘ईडीडीएचए’ लागते, जे पाण्यात कालवल्यावर गडद लाल होते आणि किमतीने दुपटीहून महाग असते. ते मार्चमध्ये दिले आणि त्यानंतरचे दुसरे पान हिरवे आले. ज्यांची जमीन आमच्यासारखी आहे त्यांनी फॉक्सटेल घेताना हा कायमचा खर्च हिशेबात धरावा. मी स्वतः पुन्हा घेणार नाही.

दुसरी एक चूक पाने छाटण्यात घडली. दिवाळीच्या साफसफाईत काकाजींनी रॉयलची ठिपके पडलेली खालची तीन पाने नीटनेटकेपणासाठी छाटली होती. ते नारिंगी-पिवळे ठिपके पालाश (पोटॅश) कमी पडल्याचे होते, आणि अशा वेळी पाम जुन्या पानांतले पालाश काढून नव्याला पुरवत असतो. जुनी पाने कापली की तोच ठिपका वरच्या पानांवर सरकतो, तसा तो सरकलाही. आता पान पूर्ण वाळून आपोआप गळेपर्यंत कोणी विळा लावायचा नाही, असे ठरले आहे.

उन्हाळ्याबद्दल सांगायचे तर पारा पंचेचाळीस ओलांडून गेला त्या आठवड्यांत लिक्युआलाची गोल, चुणीदार पाने पन्नास टक्के शेडनेटखालीही कडेपासून वाळत गेली आणि मेअखेर ते रोप संपले. ते दमट सावलीचे झाड आहे, आमच्या लू मध्ये त्याने जगावे ही अपेक्षाच चूक होती. ट्रँगल पाम मादागास्करच्या दक्षिणेकडच्या कोरड्या भागातला असल्याने त्याला आठवड्यातून दोनदा पाणी पुरले. त्याची पाने खोडावर तीन रांगांत येतात आणि त्यांच्या बुडांचा मिळून वरून पाहिल्यास त्रिकोण दिसतो, पण पहिले वर्षभर त्याचा मागमूस नसतो. तेव्हा त्रिकोण नाही म्हणून फसवणूक झाली, असे समजू नये.

सगळ्यांत भरवशाचा निघाला तो बिस्मार्क, आणि केवळ त्याच्यासाठी ही सगळी खटपट मी पुन्हा करीन. मादागास्करच्या मोकळ्या गवताळ माळावरचे हे झाड आमच्या उन्हात कोणत्याही आडोशाशिवाय उभे राहिले. रोपे आली तेव्हा त्यांची पाने हिरवट-जांभळी होती, त्यामुळे चंदेरी म्हणून वेगळेच काही दिले की काय, असे वाटले. पण चौथ्या-पाचव्या पंख्यापासून रंग बदलू लागला. आता नव्या पानावर बोट फिरवले तर देठावरची पांढरी भुकटी बोटाला लागते आणि सकाळच्या उन्हात पाने शिशाच्या पत्र्यासारखी दिसतात. हा आपल्या ताडाचा जवळचा नातेवाईक, त्यामुळे त्याचे बीही ताडासारखेच उगवते. कोंब आधी वर न येता खाली जातो, फूटभर खोल, आणि मग तिथून पान वर निघते. मी 2025 च्या जूनमध्ये पाच बिया दोन दिवस पाणी बदलत भिजवून, बोअरच्या उरलेल्या चार इंची पाइपाच्या दीड-दीड फुटाच्या तुकड्यांत लावल्या, तीन उगवल्या. उथळ पिशवीत हाच कोंब तळाला वळतो आणि रोप खुरटते.

याच सवयीमुळे बिस्मार्क एकदा लावला की हलवू नये. त्याचा पसारा वीस फुटांपर्यंत जातो हे मी उशिरा वाचले आणि कुंपणाजवळचे एक रोप ऑक्टोबरमध्ये उचलून आत आणले. त्याने पुढचे आठ महिने एकही पान काढले नाही. जागचे न हललेले रोप आज त्याच्या दुप्पट आहे.

किडीचा त्रास एकदाच झाला. ऑगस्टमध्ये रॉयलचे नवे पान उघडले ते कात्रीने त्रिकोणी तुकडे कापावेत तसे होते, आणि कोंबाच्या बुडाशी भोकातून चोथा बाहेर आला होता. तो गेंड्या भुंगा होता. तारेच्या आकड्याने तो बाहेर काढला, पण खरे घर शेणखताच्या खड्ड्यात, रोपापासून तीस फुटांवर होते; खत उपसल्यावर अंगठ्याएवढ्या जाड, वळलेल्या अळ्या निघाल्या. खड्ड्यात मेटारायझियम या कीड मारणाऱ्या बुरशीची भुकटी मिसळली आणि पानांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड भरली. त्यानंतर अजून तरी नवे पान कापलेले दिसले नाही.

पुढच्या वेळी मागणी नोंदवण्याआधी मी विक्रेत्याकडे त्याच रोपाच्या देठाचा आणि पानाच्या बुडाचा जवळून काढलेला फोटो मागणार आहे, कारण चिठ्ठीवरचे नाव कोणीही लिहू शकतो. माझ्या त्या दोन फुटी बॉटल पामबाबतही एक शंका उरलीच आहे. त्याचा सख्खा भाऊ स्पिंडल पाम, रॉड्रिग्ज बेटावरचा, लहानपणी बराचसा तसाच दिसतो. बॉटलचे खोड बुडाशी फुगते आणि स्पिंडलचे मध्यावर, आणि ते कळायला अजून तीन-चार वर्षे लागतील. तोपर्यंत त्याच्या पाटीवर मी नाव पेन्सिलीने लिहिले आहे.