आधी आपला आकडा, मग मालकाची मागणी: मूल्यांकनाची शीट आणि एजंट पारखण्याची रीत, काही महिने वापरल्यावर

भाड्याच्या उत्पन्नासाठी मालमत्ता बघताना मी गेले काही महिने दोन गोष्टी जोडीने वापरते आहे. एक साधी एक्सेल शीट, जिच्यात भाड्यावरून किंमत काढायची. आणि एक नियम: मालक किती मागतोय हे कानावर पडण्याआधी आपला आकडा शीटमध्ये लिहून तारीख टाकायची. शीटमध्ये विशेष काही नाही, तशी कोणीही तासाभरात बनवेल. खरा फरक नियमाने पडला, आणि एजंट पारखायलाही तोच नियम उपयोगी पडला.

मागणीचा आकडा एकदा ऐकला की डोकं त्याच्याच आसपास फिरू लागतं. नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांचा १९८७ सालचा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात त्यांनी विद्यार्थ्यांना आणि व्यवसायातल्या मुरलेल्या एजंटांना एकच घर दाखवलं, माहितीही सारखीच दिली. फक्त कागदावरची मागणी प्रत्येक गटाला वेगळी सांगितली. जास्त मागणी वाचलेल्यांनी घराची किंमत जास्त लावली, कमी वाचलेल्यांनी कमी. एजंटही त्यातून सुटले नाहीत, आणि आपण मागणी विचारात घेतली असं मान्य करणारे एजंट फार थोडे होते. रोज घरं विकणाऱ्यांची ही गत असेल, तर वर्षा-दोन वर्षांत एखादा व्यवहार करणाऱ्या आपण स्वतःवर किती भरवसा ठेवायचा? म्हणून माझा भाऊ जाहिरातीतली किंमत झाकून बाकीचा तपशील मला पाठवतो, आणि एजंटला मी आधीच सांगते की भाडं, खर्च आणि मोजमाप पाठवा, मागणी नंतर बोलू.

आता शीट. वर्षभर घर भरलेलं राहिलं तर येणारं भाडं १०० धरा. त्यातून रिकाम्या काळाचे ८ काढा, म्हणजे साधारण वर्षातला एक महिना. मग मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती, देखभाल आणि भाडेकरू सांभाळण्याचा खर्च मिळून ३२. उरले ६०. हे निव्वळ उत्पन्न. त्या भागात तशाच मालमत्तांचं निव्वळ उत्पन्न त्यांच्या विक्री किंमतीच्या ६ टक्के येत असेल, तर ६० भागिले ०.०६, म्हणजे १००० ही किंमत. या दराला कॅप रेट म्हणतात.

वापरताना दोन गोष्टी अंगवळणी पडल्या. पहिली म्हणजे दरातला छोटा बदल किंमतीत फार मोठा होतो. ६ ऐवजी ५ टक्के धरले की तीच मालमत्ता १२०० ची होते, ७ धरले की साधारण ८५७ ची. त्यामुळे 'इथे पाच टक्क्यांनी जातं' हे एजंटचं वाक्य मी कधीच तसंच उतरवून घेत नाही. झालेले व्यवहार आणि त्या मालमत्तांचं खरं भाडं दाखवा म्हणते, भागाकार मी करते. दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. भाडं १० टक्क्यांनी फुगवून सांगितलं तर किंमत १० टक्क्यांवर थांबत नाही. भाडं ११०, रिकामा काळ ८.८, पण कर आणि विमा भाड्याबरोबर वाढत नाहीत, म्हणून खर्च ३२ च. निव्वळ उरतं ६९.२, आणि किंमत जाते ११५३ वर. दहा टक्क्यांच्या थापेवर पंधरा टक्के! म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ भाड्याचा आकडा खरा करण्यात जातो. चालू भाडेकरार, बँकेत जमा झालेल्या रकमा, शेजारच्या तशाच जागेचं भाडं, हे तिन्ही जुळल्याशिवाय तो रकाना मी पिवळाच ठेवते.

जाहिरातीत 'दहा टक्के परतावा' लिहितात तो १०० भागिले १००० असा असतो. खोटा नसतो, पण त्यात रिकामा काळ नाही, गळणारं छप्पर नाही, काहीच नाही.

कर्जाचा हप्ता मी निव्वळ उत्पन्नात घालत नाही. मालमत्तेची किंमत घेणाऱ्याच्या कर्जावर ठरत नाही. पण त्याच शीटखाली कर्जाचा वेगळा हिशोब असतो, आणि बरेच सौदे मी तिथेच सोडले आहेत. वरच्याच उदाहरणात ७०० कर्ज ८ टक्क्यांनी घेतलं तर नुसतं व्याज ५६. हातात राहिले ४, आणि आपले अडकले ३००. म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास, तेही मुद्दल फेडण्याआधी. व्याजदर कॅप रेटपेक्षा वर असेल तर जितकं जास्त कर्ज तितका परतावा खाली जातो. हे कागदावर एकदा मांडलं की 'कर्ज सहज मिळेल' या आश्वासनाचं वजन कळतं.

तुलनेच्या व्यवहारांचा, म्हणजे विकल्या गेलेल्या तशाच मालमत्तांचा, रकाना दुसऱ्या बाजूने तपासणी करतो. नियम थोडे आहेत. फक्त पूर्ण झालेले, नोंदलेले व्यवहार घ्यायचे, मागण्या नाहीत. फेरफार तुलनेच्या मालमत्तेच्या किंमतीत करायचा, आपल्या नाही: तिला लिफ्ट आहे आणि आपल्याला नाही, तर तिच्या किंमतीतून वजा. फार फेरफार करावे लागले तर तो व्यवहार तुलनेचा नाहीच, काढून टाकायचा. जमीन अधिक बांधकाम वजा झीज ही तिसरी पद्धत मी क्वचित काढते, नव्याने बांधायला जेवढं लागेल त्याहून जास्त तर देत नाही ना, एवढं बघण्यापुरती.

एजंटबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण चांगला एजंट मिळाला तर शीटमधले निम्मे रकाने तोच खरे करून देतो.

लेविट आणि सिव्हरसन यांचा २००८ चा अभ्यास मी एजंट शोधणाऱ्या प्रत्येकाला सांगते. शिकागोच्या परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींत त्यांनी एजंटांची स्वतःची घरं वेगळी काढली. ती घरं ग्राहकांच्या तशाच घरांपेक्षा साधारण ३.७ टक्के जास्त किंमतीला गेली आणि बाजारात सुमारे साडेनऊ दिवस जास्त राहिली. कारण साध्या गणितात आहे. १००० च्या घरावर ३.७ टक्के म्हणजे मालकाला ३७. सगळे वाटे गेल्यावर एजंटच्या हातात दीड टक्का राहत असेल तर त्या ३७ मधून त्याला जेमतेम ०.५५ मिळतात. त्यासाठी तो आणखी दहा दिवस का थांबेल? यात त्याची लबाडी शोधण्याची गरज नाही, त्याला पैसे कशाचे मिळतात एवढं लक्षात ठेवलं की पुरे. घेणाऱ्याच्या बाजूने तर किंमत वाढली की दलाली वाढते, आणि सौदा मोडला की काहीच मिळत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत 'तुम्ही किती सौदे केले' हे मी विचारत नाही. विचारते: अलीकडे कुठली मालमत्ता घेऊ नका असं ग्राहकाला सांगितलंत, आणि का? ज्यांच्याकडे उत्तर असतं ते ताबडतोब देतात, तपशिलासकट. दुसरा प्रश्न: तुम्ही स्वतः भाड्याच्या जागा सांभाळता का? सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं की कुठल्या इमारतीत पाण्याची बोंब आहे, भाडेकरू गेल्यावर जागा किती दिवस रिकामी पडते, रंगकामाला किती जातात. नुसता विक्री करणारा हे अंदाजाने सांगतो. तिसरा: या व्यवहारात तुम्हाला पैसे कोण देणार, मी, मालक की दोघं? दोघंही चालेल, पण मग किंमतीच्या बोलणीत मी एजंटचा सल्ला घेत नाही, फक्त कागद आणि गाठीभेटी त्याच्याकडे ठेवते.

खरी पारख पुढे होते. एजंटने दिलेलं भाडं आणि खर्च मी नंतर चौकशीत सापडलेल्या आकड्यांशेजारी लिहिते. काही मालमत्ता झाल्या की रांगच दिसते: एकाचे आकडे नेहमी थोडे फुगलेले, एकाचे कधी वर कधी खाली पण प्रामाणिक, एकाचे जवळपास बरोबर. मला सध्या सगळ्यात उपयोगी पडणारा एजंट बोलायला रूक्ष आहे, फोनही उशिरा उचलतो. पण 'करारात भाडं एवढं दिसतंय, त्यातला एक महिना मालकाने सोडलेला आहे' हे त्याने न विचारता सांगितलं. एवढी माहिती मला कुठल्याही संकेतस्थळावर मिळाली नसती.

त्याची परतफेडही करावी लागते. मालमत्ता नको असेल तर मी त्याच दिवशी कळवते, आणि कारण आकड्यात देते: 'निव्वळ ६० आहे, मी ९५० पर्यंत येऊ शकते, मागणी ११५० आहे.' आठवडाभर गप्प बसणाऱ्या गुंतवणूकदाराला कोणीही आधी फोन करत नाही. नेमकं कारण देणाऱ्याला एजंट पुढच्या वेळी गाळूनच दाखवतो. आणि कधी कधी ११५० ची मागणी काही महिन्यांनी खाली येते, तेव्हा त्याला माझा ९५० आठवतो.

शीट कुठे कमी पडते? नव्या बांधकामात भाड्याचा इतिहास नसतो, तिथे सगळंच अनुमान. भाडं किंमतीच्या मानाने फार कमी असलेल्या भागात ती प्रत्येक मालमत्ता महाग म्हणते, कारण तिथे लोक भाडं नव्हे, पुढची वाढ विकत घेतात; ती वाढ मोजायचं साधन या शीटमध्ये नाही. दहा वर्षांच्या रोख प्रवाहाचं लांबलचक कोष्टकही मी जोडून बघितलं होतं, काढून टाकलं. त्यातला मोठा हिस्सा दहाव्या वर्षीच्या विक्रीच्या अंदाजित किंमतीतूनच येत होता. संगणकी अंदाजांवर विसंबणाऱ्यांनी झिलो या घरांच्या जाहिरातींच्या अमेरिकी संकेतस्थळाकडे बघावं: घरं स्वतः विकत घेऊन विकण्याचा धंदा त्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद जाहीर केला, पुढच्या काही महिन्यांतल्या किंमतींचा अंदाज भरवशाने बांधता येत नाही हे कारण देऊन. इतकी माहिती हाताशी असलेल्या कंपनीचा हा अनुभव, तर दहा वर्षांपुढचा माझा रकाना काय कामाचा.

राहण्यासाठी घर घेणाऱ्यांना ही पद्धत मी सुचवणार नाही. शाळा जवळ आहे, आईला जिने चढवत नाहीत, हे कॅप रेटमध्ये बसत नाही आणि बसवूही नये. भाड्यासाठी घेणाऱ्यांनी मात्र सुरुवात शीटपेक्षा नियमापासून करावी: पुढची मालमत्ता बघायला जाण्याआधी, मागणी न विचारता, तुमचा आकडा आणि तारीख लिहून एजंटला भेटा.