गाडीचा पोचा काढायला ड्राय आइस की ग्लू पुलर?

रुपयाएवढा, उथळ आणि रंग न फुटलेला पोचा असेल तरच ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, विचार करा. कोल्हापूरच्या दुपारच्या उन्हात पत्रा तापू द्या, मग जाड हातमोजे घालून उणे ७८ अंशांचा तुकडा अर्धा मिनिट त्यावर धरा. पत्रा आकसून ‘टक्’ वाजलं तर जमलं. बहुतेकदा पोचा जागचा हलत नाही. बंद गॅरेजात तर नकोच, ड्राय आइसमधून निघणाऱ्या वायूने गुदमरायला होतं.

ग्लू पुलर, म्हणजे ग्लूने चिकटवून पोचा बाहेर ओढायचं साधन, जास्त भरवशाचा. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टॅबला (पुलरच्या प्लास्टिकच्या छोट्या चकतीला) गरम ग्लू लावून मधोमध चिकटवा, ग्लू धरू द्या, मग थोडं थोडं ओढा. एकदम हिसका दिला की उलट टेंगूळ येतं. लांबी (पुट्टी) भरून पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर मात्र लावू नका, रंगाचा पापुद्राच निघून येतो.