पुण्यात रोजचा प्रवास: मेट्रो, पीएमपी की आपली गाडी?

पुण्यात नोकरी लागली, खोली मिळाली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग गाडी कधी घेतोयस?" गाडी म्हणजे दुचाकी, हे वेगळं सांगावं लागत नाही. माझं म्हणणं एवढंच, की शोरूमची पायरी चढण्याआधी हिशेब करा. एकदा गाडी दारात उभी राहिली की माणूस फक्त पेट्रोल मोजतो. त्या मोजणीत बस आणि मेट्रो जिंकणं अवघडच.

घर ते ऑफिस १५ किलोमीटर आणि महिन्याला २२ दिवस कामाचे, असं धरू.

पीएमपीचे, म्हणजे शहर बसचे, दर जून २०२५ मध्ये वाढले. आता पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, १० पर्यंत २० आणि १५ पर्यंत ३०. म्हणजे जाऊन-येऊन ६०, महिन्याचे १,३२०. मासिक पास १,५०० चा आहे. त्यामुळे "पास काढून टाक, स्वस्त पडतो" हा सल्ला पाच दिवसांच्या आठवड्याला आणि थेट बसला लागू पडत नाही. सुटं तिकीटच परवडतं. अंतर १५ च्या पुढे गेलं की तिकीट ४० होतं आणि महिना १,७६० वर जातो. तेव्हा, किंवा मध्ये बस बदलावी लागत असेल तेव्हा, पास घ्यावा.

मेट्रोचं तिकीट किमान १० आणि कमाल ३५. सगळ्यात महाग धरलं तरी महिन्याचे १,५४०. शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत असते, पण ऑफिसला सुट्टी असणाऱ्याला तिचा उपयोग लक्ष्मी रोडच्या खरेदीपुरता.

गाडी शहरात लिटरला ४५ देते असं समजू (कंपनी जास्तच सांगते). पेट्रोल शंभरच्या वर आहे, म्हणजे तेही महिन्याला दीड हजाराच्या घरात.

थोडक्यात, तिन्ही जवळपास सारखेच. ज्याच्याकडे गाडी आधीपासून आहे तो ती का सोडत नाही, हे या आकड्यांवरून समजतं. तुमच्याकडे ती अजून नाही, म्हणून तुमच्या हिशेबात हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि पार्किंगही येतं. तिथे गाडी सरळ महाग पडते.

तरीही निर्णय यावर होत नाही. तो होतो दोन्ही टोकांवर. रिक्षाचं किमान भाडं दीड किलोमीटरला २५ रुपये. स्थानकापासून ऑफिसपर्यंत रोज रिक्षा लागली तर महिन्याला १,१०० वाढले. घराकडूनही लागली तर २,२००. मग मेट्रोचा महिना पावणेचार हजारांचा होतो, आणि सकाळी रिक्षावाला "तिकडं नाही जाणार" म्हणतो ते वेगळंच. म्हणून मेट्रोचा नियम माझ्यापुरता सोपा आहे: दोन्ही टोकांना पंधरा मिनिटांत चालत पोचता आलं पाहिजे. हे अंतर नकाशावर बघू नका, चालून बघा, कारण नकाशात फुटपाथवरची वडापावची गाडी आणि पावसातलं डबकं दिसत नाही. सायकल असेल तर टप्पा वाढतो; मेट्रोत ती सोबत नेता येते.

आता मार्ग. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन मार्गिका मिळून साधारण ३३ किलोमीटर. २०२२ च्या मार्चमध्ये दोन तुकड्यांनी सुरुवात झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारातून स्वारगेट गाठलं. घर आणि ऑफिस एकाच मार्गिकेवर असेल तर फार विचार करू नका, मेट्रोच घ्या. पिंपरीहून मंडईत यायला गाडीवर किती वेळ लागेल हे सिग्नल ठरवतात. मेट्रोत ते आधीच माहीत असतं. मार्गिका बदलायची असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकाचा वेळ वेगळा धरा. एक फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटर, दुसरा रस्त्याच्या वर. सरकते जिने आहेत, पण एवढी उंची चढायला वेळ जातोच.

बसचं गणित रस्त्यागणिक बदलतं. पिंपरी-चिंचवडकडे निगडी–दापोडी, औंध–रावेत, नाशिक फाटा–वाकड अशा बीआरटी मार्गांवर बसला स्वतःची लेन आहे, त्यामुळे तिच्यावर भरवसा ठेवता येतो. नगर रोडवरची बीआरटी मात्र काढून टाकली; तिथे बसही तुमच्या-आमच्यासारखीच कोंडीत उभी. हा निर्णय मला आजही पटत नाही. पण तुमच्यापुरता अर्थ असा, की रामवाडीच्या अलीकडे राहत असाल तर मेट्रो, पलीकडे खराडीत असाल तर रामवाडीपर्यंत बस किंवा शेअर रिक्षा. कात्रज, हडपसर, कोंढवा, सिंहगड रोड इथल्यांना बसला पर्याय कमी. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ४८ लाखांवर होती आणि बसचा ताफा दोन हजारांच्या आसपास, तेव्हा थांब्यावर ताटकळणं आलंच. 'आपली पीएमपीएमएल' ॲपवर बस कुठे आहे ते बघून घराबाहेर पडलं, तर त्यातलं थोडं तरी वाचतं.

लोकलचा विचार कुणी करत नाही, पण करावा. पुणे–लोणावळा लोकल चिंचवड, आकुर्डी, देहूरोडकरांना थेट शिवाजीनगरला आणते, आणि मासिक पास वरच्या तिन्ही आकड्यांच्या निम्म्यालाही पोचत नाही. अडचण वेळापत्रकाची: गाड्या मोजक्या आणि दुपारी मोठी पोकळी. दहा ते सहा नोकरीला उत्तम, अर्ध्या दिवसाची रजा टाकणाऱ्याला त्रासाची.

गाडी मग कुणी घ्यावी? दुसरी पाळी करून मध्यरात्री सुटणाऱ्याने. वाटेत मुलांना पाळणाघरात सोडणाऱ्याने. दिवसभर गिऱ्हाइकांकडे फिरणाऱ्याने. आणि जिथे दोन वाहनं बदलूनही शेवटी रिक्षा लागतेच, अशा ठिकाणी काम असणाऱ्याने. हिंजवडीवाल्यांनी तिसऱ्या मार्गिकेचा नकाशा समोर ठेवूनच खोली शोधावी. माण ते शिवाजीनगर २३ किलोमीटरची आहे ती. मात्र दलाल "मेट्रो इथून दोन मिनिटांवर" म्हणाला तर ते स्थानक चालू आहे का, हे भाडेकरार करण्याआधी विचारून घ्या.

आणि ठरतच नसेल, तर पहिला महिना गाडीविना काढा. पीएमपीचा ७० रुपयांचा दैनिक पास दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालतो. त्यावर एक-दोन दिवस वेगवेगळे मार्ग फिरून बघता येतात. शोरूम कुठे पळून जात नाही.